नाव कळले, आवाज कळला का?

गाणे ऐकताना कधी कधी एखादा श्रोता मध्येच म्हणतो, "अरे, हा आवाज तर त्या दुसऱ्या गाण्यातही आहे!" चाल वेगळी, गाणारा वेगळा, देशही वेगळा; पण मध्ये येणारा एक ठोका मात्र अगदी तोच. असे आवाज हुडकून काढायचे आणि ते मुळात कोणत्या यंत्राच्या संग्रहातून आले हे सांगायचे, हा आज जगभरातल्या अनेक संगीतप्रेमींचा आवडता छंद आहे. १९८० नंतरच्या दहा वर्षांतील पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत हे या छंदाचे मुख्य क्षेत्र. कारण त्या काळात पहिली अंकीय ध्वनिसंग्राहक यंत्रे, म्हणजेच सँपलर, स्टुडिओत आली आणि त्यांच्याबरोबर आलेले तयार आवाज शेकडो गाण्यांत जाऊन बसले.

छंद चांगला आहे. पण त्याची फळे पाहताना आम्हाला एक गोष्ट खटकते. गाण्याचे नाव, यंत्राचे नाव आणि आवाजाचे नाव अशी एक ओळ लिहिली की काम संपले, असे पुष्कळदा मानले जाते. शाळेतल्या मुलाने झाडावरच्या पक्ष्याकडे बोट दाखवून "तो दयाळ" म्हटले की आपण शाबासकी देतो, पण चांगला शिक्षक लगेच पुढचा प्रश्न विचारतो, "कशावरून?" आणि त्यानंतर, "तो इथे काय करतोय?" आवाजांच्या बाबतीतही हेच दोन प्रश्न विचारले पाहिजेत, असे आमचे म्हणणे आहे. त्यासाठी या छंदातले सर्वांत गाजलेले उदाहरण घेऊन पाहू.

लबाडीतून जन्मलेले यंत्र

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात किम रायरी आणि पीटर व्होगल या दोघांनी १९७५ साली एक कंपनी काढली. सिडनीच्या बंदरात ये-जा करणाऱ्या एका वेगवान प्रवासी बोटीचे नाव होते 'फेअरलाइट'. तेच नाव त्यांनी कंपनीला दिले. त्यांचे उद्दिष्ट मोठे होते. कोणताही टिकणारा स्वर हा अनेक साध्या तरंगांच्या बेरजेने बनतो, हे आपण भौतिकशास्त्रात शिकवतो. मग संगणकाकडून ती बेरीज करवून घेतली, तर पियानो, व्हायोलिन, माणसाचा गळा असा कोणताही आवाज शून्यातून तयार करता येईल, अशी त्यांची कल्पना होती.

प्रत्यक्षात ते जमेना. खऱ्या वाद्याच्या स्वरात हे घटक तरंग क्षणाक्षणाला बदलत असतात. पियानोची तार हातोडीने आघात केल्याच्या पहिल्या क्षणी एक बोलते आणि अर्ध्या सेकंदाने दुसरेच. हा सगळा बदल गणिताने उभा करण्याइतकी ताकद त्या काळच्या संगणकात नव्हती. तेव्हा १९७८ साली व्होगल यांनी एक आडवाट धरली. रेडिओवर चाललेल्या पियानोवादनाचा सुमारे एक सेकंदाचा तुकडा त्यांनी संगणकाच्या स्मृतीत साठवला आणि तोच तुकडा कमी-जास्त वेगाने वाजवून वेगवेगळे स्वर काढले. गणिताने बनवलेल्या कोणत्याही आवाजापेक्षा हा पियानो कितीतरी खरा वाटला.

गंमत अशी की निर्मात्यांना याचा फारसा आनंद झाला नाही. खरे आवाज मुद्रित करून वापरणे ही आम्हाला तेव्हा तडजोड, किंबहुना लबाडीच वाटत होती, अशा अर्थाचे रायरी यांनी नंतर सांगितले आहे. पण ग्राहकांना नेमकी हीच लबाडी हवी होती. १९७९ साली 'फेअरलाइट सीएमआय' हे यंत्र बाजारात आले. पियानोसारखी पट्टी, दूरचित्रवाणीसारखा पडदा, त्या पडद्यावर तरंगाचा आकार रेखायला प्रकाशलेखणी आणि आठ इंची फ्लॉपीचे दोन कप्पे, असा त्याचा थाट होता. किंमत सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेरची असल्याने पहिले ग्राहक नामवंत कलावंतच होते. ब्रिटनमध्ये पीटर गॅब्रिएल, मग केट बुश; अमेरिकेत स्टीव्ही वंडर, हर्बी हॅनकॉक.

यंत्राबरोबर फ्लॉपींवर तयार आवाजांचा संग्रह येत असे. वाद्ये, प्राणी, माणसे, फुटणाऱ्या वस्तू असे नाना आवाज त्यात होते. प्रत्येकाला संगणकाला झेपेल असे आखूड नाव दिलेले. त्यातल्या एकाचे नाव होते 'ऑर्क-५'. ऑर्क म्हणजे ऑर्केस्ट्रा, वाद्यवृंद. आणि त्यातला हा पाचव्या क्रमांकाचा. संपूर्ण वाद्यवृंदाने एकदम जोरात वाजवलेला, एका झटक्यात संपणारा एक स्वरसंघात. हाच आमचा आजचा विषय.

कशावरून?

'ऑर्क-५' न्यूयॉर्कमध्ये १९८२ साली निघालेल्या 'प्लॅनेट रॉक' या गाण्यात आहे. आफ्रिका बंबाटा यांचे हे गाणे हिपहॉपच्या इतिहासात मैलाचा दगड मानले जाते. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये केट बुश यांच्या 'द ड्रीमिंग' मध्येही तो आला. पुढे तर त्याचा आणि त्याच्यासारख्या आवाजांचा सुळसुळाट झाला. पण दोन गाण्यांतला आवाज 'तोच' आहे, 'त्याच्यासारखा' नाही, हे ठरवायचे कसे?

येथे यंत्राचे दारिद्र्यच कामाला येते. पहिल्या फेअरलाइटमध्ये एका वेळी आठ स्वर वाजत आणि प्रत्येक स्वरासाठी स्मृती होती १६,३८४ अंकांची. ध्वनिलहरीची उंची सेकंदाला १६,००० वेळा मोजली, तर हा सगळा साठा साधारण एका सेकंदात संपतो. शिवाय मोजणीच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त वारंवारतेचा आवाज साठवता येत नाही, हा अंकीय मुद्रणाचा मूलभूत नियम. म्हणजे या वेगाला ८,००० हर्ट्झच्या वरचे सगळे गेले. तरुण माणसाचा कान सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. झांजेची चकाकी, व्हायोलिनच्या गजाची खरखर यांतला बराचसा भाग वरच्या पट्ट्यात असतो. तो इथे कापला जातो. हा झाला पहिला पुरावा.

दुसरा पुरावा पायऱ्यांचा. फेअरलाइटच्या पहिल्या यंत्रांत प्रत्येक मोजमाप आठ बिटांत साठवले जाई. आठ बिटांत २५६ पायऱ्या मावतात. आपल्या परिचयाच्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये सोळा बिटांमुळे ६५,५३६ मावतात. आवाज मोठा असताना २५६ पायऱ्या कशाबशा पुरतात. पण तो विरत जाऊन मूळच्या सोळाव्या हिश्श्याइतका उरला, की त्याच्या वाट्याला सोळाच पायऱ्या येतात. गुळगुळीत उताराऐवजी जिना तयार होतो आणि कानाला शेवटी शेवटी एक बारीक किरकिर ऐकू येते. वाद्यवृंदाचा झटका भव्य सुरू होतो आणि शेपटाकडे वाळूसारखा रवाळ होतो.

तिसरा पुरावा सर्वांत बोलका. हे यंत्र वरचा स्वर काढताना साठवलेला तुकडा नुसता जास्त वेगाने वाचते. एक सप्तक वर गेले की वेग दुप्पट, म्हणून आवाजाची लांबी निम्मी. खऱ्या वाद्यवृंदाने तोच झटका वरच्या पट्टीत वाजवला, तर तो निम्म्या वेळात संपण्याचे काही कारण नाही. शिवाय स्वरसंघातातील स्वरांची एकमेकांपासूनची अंतरे प्रत्येक पट्टीवर जशीच्या तशी राहतात, आणि मुद्रण झाले त्या दालनातला घुमाराही वर-खाली सरकतो. जणू वादक, वाद्ये आणि सभागृह सगळेच आकसले किंवा फुगले. अशी घटना निसर्गात घडत नाही; ती फक्त यंत्रात घडते.

चौथा पुरावा हुबेहूबपणाचा. साठ-सत्तर माणसांचा वाद्यवृंद एकच झटका दोनदा तंतोतंत सारखा वाजवू शकत नाही. यंत्र वाजवते. तेव्हा दोन ठिकाणचे आवाज एकाच पट्टीला आणून एकावर एक बसवायचे, त्यांतल्या एका लहरीचे चढ उतार करायचे आणि उतार चढ करायचे, मग दोन्हींची बेरीज करायची. मूळ एकच असेल, तर ती जवळजवळ शून्य येते. अर्थात गाण्यात त्याच क्षणी ढोल किंवा गाणारा असेल, तर तेवढे मागे उरते आणि परीक्षा अपुरी राहते. पण शून्याच्या जवळपासही काही आले नाही, तर "कानाला तर तोच वाटतो" या साक्षीला फारशी किंमत देता येत नाही.

नावलौकिकाचा धोका

पाचवा पुरावा कागदोपत्री असतो: ते गाणे झाले त्या स्टुडिओत त्या वर्षी ते यंत्र होते का? 'प्लॅनेट रॉक' चे मुद्रण न्यूयॉर्कच्या ज्या स्टुडिओत झाले तेथे फेअरलाइट होता, ही नोंद त्या गाण्याच्या बाबतीत महत्त्वाची ठरते. पण या पुराव्याला एक पोटभेद आहे, आणि तो फसवा आहे. तो म्हणजे कलावंताचा नावलौकिक.

पीटर गॅब्रिएल यांचे १९८६ सालचे 'स्लेजहॅमर' हे गाणे घ्या. त्याच्या सुरुवातीला बांबूच्या बासरीची एक फुंकर ऐकू येते. ही जपानी 'शाकुहाची'. तिच्यात स्वराआधी वाऱ्याचा सणका येतो, त्यामुळे एकदा ऐकली की विसरत नाही. आता गॅब्रिएल हे ब्रिटनमध्ये फेअरलाइट घेणारे पहिले कलावंत, त्या यंत्राचे खंदे प्रचारक. तेव्हा ही बासरी फेअरलाइटमधलीच असणार, असा तर्क कोणीही सहज करील. तो चुकेल. ही फुंकर अमेरिकेतल्या ई-म्यू कंपनीने १९८४ साली काढलेल्या 'एम्युलेटर-२' या वेगळ्याच यंत्राच्या संग्रहातली आहे. तीच फुंकर १९९० साली 'एनिग्मा' च्या 'सेडनेस' मध्ये पुन्हा ऐकू आली. माणूस प्रसिद्ध, यंत्र प्रसिद्ध, दोघांचे नातेही प्रसिद्ध. पण या तिन्हींमुळे हा एक आवाज सिद्ध होत नाही. वर्गात हुशार म्हणून नाव झालेल्या मुलाचे उत्तर न तपासता बरोबर धरावे, तसेच हे.

छंदिष्टांच्या याद्यांवर आमचा मुख्य आक्षेप इथे आहे. यादीत पाच नोंदी काटेकोर तपासणीच्या असतात, पाच नुसत्या कानाच्या आणि पाच नावलौकिकाच्या; पण छापताना सगळ्यांचा दर्जा एकच. वाचणाऱ्याला कोणत्या नोंदीवर किती भार टाकावा हे कळत नाही. प्रत्येक नोंदीपुढे 'कशावरून' असा एक रकाना जोडला, तर या याद्यांचे मोल कितीतरी वाढेल.

तो तिथे काय करतोय?

आता दुसरा प्रश्न. 'ऑर्क-५' हा आवाज डेव्हिड व्होरहाउस यांनी यंत्रात भरला आणि त्याचे मूळ इगोर स्ट्राविन्स्की यांच्या 'फायरबर्ड' या बॅले-संगीतात आहे. पॅरिसमध्ये १९१० साली हे बॅले प्रथम रंगमंचावर आले. त्यात काश्चेई नावाच्या दुष्ट जादूगाराच्या प्रजेचे एक अघोरी नृत्य आहे. त्याची सुरुवात ज्या झटक्याने होते, तोच हा. २००५ साली अमेरिकन संगीताभ्यासक रॉबर्ट फिंक यांनी 'पॉप्युलर म्युझिक' या संशोधनपत्रिकेत या आवाजाचे सविस्तर चरित्रच लिहिले. हा शोध नावाशी थांबत नाही, म्हणून तो आम्हाला मोलाचा वाटतो.

मैफलीत वाजवल्या जाणाऱ्या 'फायरबर्ड' च्या संचात या झटक्याआधी काय असते ते पाहा. राजकन्यांचे संथ नृत्य संपत आलेले असते, संगीत हळू होत होत जवळजवळ ऐकू येईनासे होते. श्रोता सैलावलेला असतो. आणि त्या शांततेवर हा झटका कोसळतो. त्याचे दचकवणे जितके आवाजाच्या मोठेपणात आहे, तितकेच आधीच्या शांततेत आहे. सँपलरने मात्र झटका उचलला आणि शांतता तिथेच ठेवली. एक सेकंदाच्या स्मृतीत शांततेला जागाच नव्हती. मग उरले काय? एक प्रचंड उद्गारचिन्ह, वाक्याशिवाय.

हे उद्गारचिन्ह ज्याने नव्या वाक्यात नीट बसवले त्याचे काम चांगले, ज्याने नुसते ओळीच्या शेवटी चिकटवले त्याचे सुमार. टीकेची ही साधी कसोटी आम्ही लावून पाहतो.

'प्लॅनेट रॉक' या कसोटीला उतरते. या गाण्याचा ठेका 'रोलँड टीआर-८०८' या तालयंत्राचा आहे. ते यंत्र मुद्रित आवाज वाजवत नाही, विद्युतमंडलातून ठोके निर्माण करते. त्यामुळे त्या ठोक्यांना खोली नाही, भिंती नाहीत. ते कोणत्याही जागेतले नाहीत. चालीचा एक भाग 'क्राफ्टवेर्क' या जर्मन गटाच्या १९७७ सालच्या 'ट्रान्स-युरोप एक्सप्रेस' वरून घेतलेला, तोही यांत्रिक थंडपणाचा. अशा कोरड्या पार्श्वभूमीवर 'ऑर्क-५' येतो तेव्हा त्याच्याबरोबर एका सभागृहाची हवा, अनेक माणसांचे एकत्र बळ असे सगळे क्षणभर आत येते आणि दार बंद होते. स्ट्राविन्स्कींनी शांततेच्या विरोधात जे साधले, ते येथे कोरडेपणाच्या विरोधात साधले आहे. झटका उसना असला तरी विरोध नवा आहे. म्हणूनच गाणे ऐकणाऱ्याला 'फायरबर्ड' माहीत नसले तरी काही बिघडत नाही.

'द ड्रीमिंग' मध्ये बेत निराळा आहे. ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या भूमीची युरेनियमच्या खाणींसाठी होणारी नासाडी हा त्या गाण्याचा विषय. तेथे आवाजांची दाटी आहे, आणि 'ऑर्क-५' त्या दाटीत मिसळतो. वेगळा काढून दाखवावा लागतो, म्हणून छंदिष्टाला तो कमी समाधान देतो. परंतु गाण्याच्या दृष्टीने हे उणेपण नव्हे. शिवाय ऑस्ट्रेलियात बनलेले यंत्र ऑस्ट्रेलियाच्या भूमीविषयीच्या गाण्यात वाजते आहे. हा केवळ योगायोग असेल, पण ऐकताना तो जाणवतो.

पुढच्या तीन-चार वर्षांत मात्र झटक्याची झीज झाली. जो तो ओळीच्या शेवटी तो चिकटवू लागला. यंत्राचा दरारा इतका झाला की फिल कॉलिन्स यांनी १९८५ सालच्या 'नो जॅकेट रिक्वायर्ड' या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर, हिच्यात फेअरलाइट नाही, असे मुद्दाम छापले. १९९१ साली वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांसाठी 'जनरल मिडी' हा समान नियम ठरला. त्यात १२८ आवाजांची क्रमवार यादी आहे. सतार १०५व्या जागी, शाकुहाची ७८व्या, आणि ५६व्या जागी 'ऑर्केस्ट्रा हिट', म्हणजे वाद्यवृंदाचा झटका. स्नेहसंमेलनासाठी आणलेल्या कीबोर्डवर ही यादी असेल, तर ५६ क्रमांक लावून पाहा. तिथला आवाज बहुधा 'ऑर्क-५' नसतो, त्याच्यासारखा वेगळा बनवलेला असतो. पण यादीत त्याला जी जागा मिळाली, ती 'ऑर्क-५' आणि त्याच्या भाऊबंदांच्या गवगव्यामुळेच, असे आम्हाला वाटते. विशेषनामाचे असे सामान्यनाम झाले.

चिठ्ठीवर नसलेली नावे

फिंक यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकात या आवाजाला हिपहॉपच्या यंत्रातले अभिजात संगीताचे भूत म्हटले आहे. शब्दयोजना चटकदार आहे, पण आम्हाला ती पुरती पटत नाही. भुताला देह नसतो. या आवाजाला देह होता. कोणी तरी तो झटका कागदावर लिहिला, कोणी तरी हाताने इशारा दिला, कित्येकांनी छातीत हवा भरून पितळी वाद्ये फुंकली, कोणी नगाऱ्यावर घाव घातला, कोणी ते सर्व ध्वनिमुद्रित केले. संग्रहाच्या फ्लॉपीवर मात्र अक्षरे उरली 'ऑर्क-५' एवढीच. ना रचनाकार, ना वाद्यवृंद, ना संचालक. हे भुताचे नव्हे, हजेरीपटावर नाव नसलेल्या कामगाराचे लक्षण आहे.

आवाज ओळखण्याच्या छंदाचे खरे मोल आम्हाला इथे दिसते. चिठ्ठीवरून गळालेली नावे परत लिहिणे, हे ते काम. पण त्यासाठी 'हे गाणे, ते यंत्र' एवढ्यावर थांबून चालणार नाही. यंत्राच्या मागे जो माणूस वाजवत होता तिथपर्यंत गेले पाहिजे, आणि प्रत्येक पायरीवर पुरावा दिला पाहिजे. चुकीच्या माणसाला श्रेय देणे हे श्रेय न देण्याइतकेच वाईट. शाकुहाचीचे उदाहरण त्यासाठीच दिले.

आणि हा प्रश्न केवळ जुन्या गाण्यांपुरता राहिलेला नाही. आज कोणाच्याही आवाजाच्या थोड्याशा नमुन्यावरून संगणक त्याच्या आवाजात हवे ते बोलून दाखवतो. फोनवरचा आवाज ओळखीचा वाटला म्हणून पैसे पाठवणारे लोक फसतात. "आवाज तोच होता" हे वाक्य पूर्वी साक्ष म्हणून पुरेसे वाटे, आता वाटू नये. मुलांना ही सावधगिरी उपदेशाने नव्हे, प्रयोगाने शिकवता येते.

वर्गात करून पाहण्यासाठी

एक मोबाइल आणि 'ऑडॅसिटी' हे विनामूल्य सॉफ्टवेअर असलेला संगणक एवढे पुरे.

पहिला प्रयोग. एका विद्यार्थ्याला मध्य सप्तकातला 'सा' आकारात दोन सेकंद गायला सांगा आणि मुद्रित करा. मग त्याच विद्यार्थ्याला तार सप्तकातला 'सा' गायला सांगा. आता पहिल्या मुद्रणाचा वेग दुप्पट करा. लांबी एक सेकंद होईल आणि स्वर तार 'सा' वर जाईल. दोन्ही तार 'सा' डोळे मिटून ऐकवा. स्वर एकच, पण यंत्राने काढलेला आवाज एखाद्या खारीने गायल्यासारखा येईल. माणूस वरचा स्वर गातो तेव्हा त्याचा घसा आणि तोंडाची पोकळी आक्रसून निम्मी होत नाही. यंत्र मात्र त्या पोकळीचे अनुनादही दुप्पट वारंवारतेवर नेते. तारता आणि आवाजाची जात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे फळ्यावर कितीही सांगितले तरी इतके स्पष्ट होत नाही.

दुसरा प्रयोग. बासरी आणि पेटी यांवर एकच स्वर वाजवून मुद्रित करा. दोन्हींची सुरुवातीची पाव सेकंद कापून टाका आणि मधला तुकडाच ऐकवा. ओळखणे बरेच कठीण होते. वाद्याची ओळख पुष्कळशी त्याच्या सुरुवातीच्या क्षणात असते. शाकुहाचीच्या वाऱ्याच्या सणक्याचे महत्त्व मुलांना इथे पटेल.

तिसरा प्रयोग. स्टीलच्या ताटावर चमच्याने एक ठोका मारा आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत मुद्रित करा. तेच मुद्रण एकदा सोळा आणि एकदा आठ बिटांत साठवा. शेवटचा भाग मोठा करून ऐकवा. पायऱ्यांची खरखर कानाला कळेल.

तिन्ही प्रयोगांत मुलांकडून वहीत तीन रकाने करून घ्या. काय ऐकू आले? त्यावरून काय अनुमान केले? आणि ते अनुमान चुकीचे ठरायला काय ऐकू यावे लागले असते? तिसरा रकाना भरताना मुले अडखळतील. अडखळू द्या. मोबाइलवरचे गाणे ओळखणारे ॲप पहिल्या दोन रकान्यांचे काम काही क्षणांत करते; तिसरा रकाना भरायला अजून विचार करणारे डोके लागते. तो भरता आला, की मग 'ऑर्क-५' हे नाव मुलांना आम्ही सांगितले काय किंवा त्यांनी स्वतः शोधले काय, ते त्यांच्या उपयोगाचे ठरेल.